नवीन लाइन लीडर आहे, लोक बिघाड सांगत नाहीत. सल्ला हवा

रानजाई:
चाकणला वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. आधी क्वालिटीत होते, दिवाळीनंतर मशिन शॉपच्या एका लाइनची जबाबदारी आली. निम्मे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे. रात्रपाळीत बोअरचं (भागातल्या भोकाचं) माप सरकायला लागलं की ऑफसेट (मशिनमध्ये भरलेली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलून काम रेटतात आणि सकाळी कुणालाच सांगत नाहीत. विचारलं की "सगळं ओके आहे मॅडम". मग दुपारी माप तपासायचा गेज अडतो आणि अख्खा लॉट बाजूला काढून तपासावा लागतो. पूर्वी रिजेक्ट पीसचा फोटो नावासकट व्हॉट्सॅप ग्रुपवर पडायचा. ते मी बंद केलं, तरी कुणी बोलत नाही. तुम्ही प्रत्यक्षात काय करता? भाषणं आणि सुविचार नकोत, कृपया.

लेथवाला:
फोटो बंद केलेत हे उत्तम. पण भीती मुरलेली असते, लगेच जात नाही. वाईट बातमी ऐकल्यावर तुमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य लोक वर्षभर लक्षात ठेवतात. ते "कोणी केलं?" असेल तर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही. "बरं झालं लगेच सांगितलंत" म्हणा आणि त्याच पावली मशिनपाशी जा.

टोयोटाची अँडनची दोरी, म्हणजे अडचण आली की कामगाराने ओढायची आणि इशाऱ्याचा दिवा लावणारी दोरी, सगळ्यांना माहीत असते, पण ती ओढल्यावर काय होतं ते फार कमी जण सांगतात. लाइन तिथल्या तिथे थांबत नाही. आधी टीम लीडर धावत येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोचेस्तोवर अडचण सुटली नाही तरच लाइन थांबते. म्हणजे सगळी मदार त्या धावत येणाऱ्या माणसावर. आपल्याकडे दिवे बसवले जातात, हाकेला कुणी येत नाही, आणि लाइन का थांबली म्हणून मीटिंगमध्ये ऑपरेटरलाच उभं करतात. मग तो कशाला दोरी ओढेल?

पाळी बदलताना केबिनमध्ये रजिस्टरवर सह्या घेऊ नका. जाणारा आणि येणारा, दोघांना मशिनपाशी उभं करा. "काही प्रॉब्लेम?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा: कुठला ऑफसेट किती हलवला, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) कधी बदलला, शेवटचा पीस किती भरला? येणाऱ्याने ते स्वतःच्या तोंडाने परत सांगायचं. वैमानिकसुद्धा टॉवरकडून आलेली सूचना परत म्हणून दाखवतात, त्यामुळे यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

निशिगंध:
मी रुग्णालयात वॉर्ड इन्चार्ज आहे. क्षेत्र वेगळं, दुखणं तेच. नव्वदच्या दशकात एमी एडमंडसन या संशोधक अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे नेमके उलटे आले: जिथे नेतृत्व चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की त्या वॉर्डांत लोक चुकीबद्दल मोकळेपणाने बोलत होते, बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या.

म्हणून रानजाई, तुझ्या साहेबांना आजच सांगून ठेव की सुरुवातीला नोंदलेलं रिजेक्शन वाढेल. हे आधी बोलली नाहीस तर महिनाअखेरच्या आढाव्यात तुलाच जाब विचारतील, आणि मग नकळत तूही तो दाब खाली ढकलशील. लाइनवर सापडलेले पीस आणि ग्राहकाकडून परत आलेले पीस यांचे आकडे वेगळे मांड. पहिला वाढून दुसरा कमी होत असेल तर तुझं बरोबर चाललं आहे.

कडक_चहा:
सगळं गोड बोलून होत नाही. आमच्याकडे एकाने पीस न मोजताच तक्त्यात मापं भरली होती. त्यालाही "बरं झालं" म्हणायचं का?

लेथवाला:
अजिबात नाही. हातून चूक झाली आणि सांगितली, त्याला शिक्षा नाही. न मोजता आकडे लिहिले, त्यावर कारवाई. ही रेघ सगळ्यांसमोर आधीच आखून द्या. पण कारवाईआधी बघा, गेज हाताशी होता का आणि सायकल टाइममध्ये (एका पीसला ठरलेल्या वेळात) मोजायला सवड होती का. नसेल तर तो आकडे भरणारच, उद्या दुसराही भरेल.

रानजाई:
हे सगळं पटलं. अजून एक. नव्या ट्रेनीला जुने लोक "बघून शिक" म्हणतात, आणि निम्मी पोरं सोडून जातात.

लेथवाला:
दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना नवख्या लोकांना झटपट तयार करायचं होतं, तेव्हा चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली. आधी माणसाला सैल करायचं, मग काम करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि नंतर लक्ष ठेवायचं. युद्धानंतर ती जपानला गेली, टोयोटानेही उचलली. तिसऱ्या पायरीत खरा कस आहे: ट्रेनीने हात चालवता चालवता काय करतोय आणि का करतोय ते बोलायचं. "का" सांगता आलं नाही तर परत दाखवा. तुमच्या लाइनवरच्या सगळ्यात जुन्या काकांना विचारा, "नवा पोरगा नेमका कुठे फसतो?" ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मशिनला लावा.

रानजाई:
सोमवारी साहेबांशी बोलते. पण रात्रपाळीला मी नसते, तिथे काय?

लेथवाला:
रात्रीच्या सेटरला (मशिन लावून देणाऱ्याला) विश्वासात घ्या, आधी एकट्याला गाठून. आणि काही आठवडे रात्रपाळी सुटायच्या अर्धा तास आधी पोचत जा.