'तेक्स्तो' कुठून आला?

पुतणी फ्रेंच शिकतेय. तिच्या वहीत काल 'झ तांव्वा अं तेक्स्तो' असं वाक्य दिसलं, म्हणजे 'तुला मेसेज टाकते'. हा 'तेक्स्तो' म्हणजे इंग्रजी 'टेक्स्ट'ला नुसता ओ चिकटवलाय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

— अर्धंच खरं. 'तेक्स्तो' फ्रेंच बोलीत मोबाइलच्या आधीपासून आहे, अर्थ 'शब्दशः, जसंच्या तसं'. मोबाइल आल्यावर त्याच शब्दाला नवी नोकरी लागली. इंग्रजीचा धक्का असेलही, पण शेवटचा ओ घरचाच: रेस्तोराँचं 'रेस्तो', आपेरितीफचं (जेवणाआधीच्या पेयाचं) 'आपेरो', तसंच हे. आणि 'टेक्स्ट' काय, 'मेसेज' काय, दोन्ही इंग्रजीनं जुन्या फ्रेंचकडूनच उचललेले. उसनं कोणी कोणाकडून घेतलं म्हणायचं?

— यात भर घालतो. 'जीएसएम' हे मोबाइल यंत्रणेचं नावसुद्धा मुळात फ्रेंच! युरोपातल्या टपाल-तार खात्यांच्या परिषदेनं 1982 साली जो गट नेमला त्याचं नाव 'ग्रूप स्पेसियाल मोबील'. पुढे आद्याक्षरं तीच ठेवून 'ग्लोबल सिस्टिम' वगैरे इंग्रजी नाव बसवलं. बेल्जियममधले फ्रेंच भाषक तर हातातल्या फोनलाच 'झेएसएम' म्हणतात. फ्रान्समध्ये तो 'पोर्ताब्ल', कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात 'सेल्युलेर'.

— क्वेबेकवाले इंग्रजीच्या बाबतीत जास्त सोवळे. ईमेलला 'कुरियेल' हा शब्द तिथलाच. 2003 मध्ये फ्रान्स सरकारनंही तो अधिकृत केला. चॅटिंगला त्यांनी 'क्लाव्हार्दाज' केलं: 'क्लाव्हिये' म्हणजे कळफलक, 'बाव्हार्दाज' म्हणजे वायफळ गप्पा. आपल्याकडे कोणी 'कळगप्पा' म्हटलं तर हसतील. पण गंमत बघा, 'मेसेज करणे'साठी हेच लोक सर्रास 'तेक्स्ते' म्हणतात, सरळ इंग्रजी क्रियापदावरून.

— आणि 'एलओएल'चं, म्हणजे इंग्रजी 'लाफिंग आउट लाउड'चं काय?

— तेही चालतं, पण खरा मान 'एमडीआर'ला. 'मोर द रीर', हसून हसून मेलो. आपलं 'हहपुवा' (हसून हसून पुरेवाट) आठवतंय ना? तोच प्रकार: कल्पना बाहेरची, आद्याक्षरं घरची. आकड्यांचंही तसंच. इंग्रजीत 'ग्रेट'मध्ये 8 घुसवतात. ती युक्ती फ्रेंचांनी घेतली, आकडे मात्र आपल्या उच्चाराने वाचले. 'क्वा द नफ' म्हणजे 'काय नवीन?' त्यांच्याकडे 'नफ' म्हणजे नऊ आणि नवंही, म्हणून शेवटी सरळ 9 लिहून मोकळे. मराठीतही 'नव'चे हे दोन्ही अर्थ आहेत, 'काय 9?' आपल्यालाही जमलं असतं.

— धन्यवाद मंडळी. पुतणीला विचारलं, 'क्वा द 9?' तिचं उत्तर आलं, 'टीकेटी'. आता हे काय?

— 'तँक्येत'. काळजी करू नका, काका.