प्रति: गॅरेजच्या दाराशी टाइलची उघडी कड

गॅरेजमध्ये टाइल बसवताना दाराशी शेवटच्या टाइलची कड उघडी राहते, तिचं काय करायचं असं विचारलंय. सिमेंटचा उतार करून कड झाकायचा सल्ला वर आलाय, तो मला पटत नाही. टोकाशी पातळ होत गेलेलं सिमेंट चाकाखाली टिकत नाही. टवके उडतात आणि कड पुन्हा उघडी पडते.

त्यापेक्षा एल आकाराची स्टेनलेस स्टीलची पट्टी घ्या. तिचा भोकं असलेला आडवा पाय टाइलखाली, ओल्या अॅढेसिव्हमध्ये (टाइल चिकटवायच्या मसाल्यात) दाबून बसवायचा. अॅल्युमिनियम स्वस्त पडतं, पण ओलं सिमेंट त्याला खातं. पट्टी टाइलच्या वर येता कामा नये, केसभर खालीच बरी.

खरी मेख मात्र टाइलच्या शेवटच्या ओळीखाली आहे. दाराशी कापलेले तुकडे नकोत, अख्खी टाइल लावा आणि तिच्या पाठीलाही अॅढेसिव्ह फासा. सुकल्यावर कडेकडेने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे, ती टाइल काढाच. गाडीचं वजन आधी तिथेच येतं.

शटरचं रबर नेमकं कुठे टेकतं ते आधी शटर खाली ओढून पेन्सिलने आखून घ्या. टाइल आणि बाहेरचं काँक्रीट यांच्या सांध्यावर टेकलं तर पाणी आत येणारच. आणि बाहेरच्या काँक्रीटला टाइल भिडवू नका, मधली फट पॉलियुरेथेन सीलंटने (रबरासारखं लवचिक राहणारं भरण) भरा. ग्राउट, म्हणजे टाइलच्या फटींत भरायचं सिमेंट, तिथे तडकतं.