मेलिंग लिस्टने सब्जेक्टच्या आधी कंसातलं नाव चिकटवावं का?

ध्रुवतारा (धागाकर्ता)

हौशी आकाशनिरीक्षकांची एक मेलिंग लिस्ट मी सांभाळतो. परवापरवापर्यंत लिस्टवरच्या प्रत्येक मेलच्या सब्जेक्टआधी [आकाशनिरीक्षण] असं आपोआप लागायचं. गेल्या महिन्यात मी ते बंद केलं. आधी कोणाला विचारलं नाही, ही चूक माझी. पण तेव्हापासून लिस्टवर ताऱ्यांपेक्षा टॅगवरच जास्त मेल पडताहेत, म्हणून हा वाद इथे आणतोय. निदान तिथे आकाशाबद्दल बोलता येईल.

माझं म्हणणं सरळ आहे. सब्जेक्ट ही लिहिणाऱ्याची जागा. त्याने 'शनीची कडी आज कोणाला दिसली?' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला तेच दिसावं. माझ्या फोनवर सब्जेक्टची एकच ओळ दिसते. त्यातला पुढचा अर्धा भाग आमच्या नावाने खाल्ला की उरतं 'रि: [आकाशनिरीक्षण] शनीची क…'. असे वीस मेल एकाखाली एक. शनीची काय, ते उघडल्याशिवाय कळत नाही.

लिस्टची ओळख सांगायला वेगळी सोय आहेच. २००१ च्या आरएफसी २९१९ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) लिस्ट-आयडी नावाचा हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरची माहितीची एक ओळ, ठरवून दिलाय. तो एरवी आपल्याला दिसत नाही, पण मेल प्रोग्रॅमला दिसतो. त्यावर एक नियम लावला की त्या लिस्टचे मेल आपापल्या फोल्डरमध्ये. शिक्का पाकिटावर मारावा, पत्राच्या मायन्यात कशाला? बोला.

जुनी शाई

असहमत, आणि चांगलीच असहमत. 'एक नियम लावला की' हे फक्त अ‍ॅडमिन लोकच इतक्या सहज लिहू शकतात. मी सगळे मेल फोनवर वाचते. फोनच्या जीमेल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवायची सोयच नाही, त्यासाठी ब्राउझर उघडा, सेटिंग शोधा, लिस्ट-आयडी म्हणजे काय ते आधी कोणाला तरी विचारा. तुमच्या लिस्टवरच्या किती जणांनी हे केलंय? टॅगसाठी काही शिकावं लागत नाही. दिसला, कळलं, पुढे गेलो.

टॅग नसला की काय होतं ते ऐका. मीही अशाच एका निरीक्षकांच्या लिस्टवर आहे आणि तिथेही मध्यंतरी ही साफसफाई झाली. संध्याकाळी फोन टेबलावर पडलेला. वर सूचना चमकली: 'आज रात्री पूर्ण अंधार. येताय का?' पाठवणारे एक गृहस्थ, ज्यांचं नाव घरात कोणी कधी ऐकलेलं नाही. नवरा समोरच बसला होता. काही बोलला नाही, नुसतं बघितलं. मग मी अमावास्या, दुर्बीण, देवयानी दीर्घिका, सगळं साग्रसंगीत समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते जास्तच संशयास्पद वाटत गेलं. कंसातल्या एका शब्दाने हे काम झालं असतं.

खिडकीपाशी

शाईताई, हसून हसून पुरेवाट झाली. पण यात दोष 'येताय का?' असा सब्जेक्ट टाकणाऱ्या गृहस्थांचा. 'अमावास्येचं निरीक्षण: आज येताय का?' एवढं लिहायला काय झालं होतं? टॅगची सवय लागली की लोक सब्जेक्ट लिहायचा आळस करतात.

जुनी शाई

लोक आळशी आहेतच. मी लिस्ट माणसांसाठी मागतेय, आदर्श माणसांसाठी नाही.

कानसेन

मी आकाशाच्या नाही, भाषांतरकारांच्या लिस्टवर आहे, पण विषय तोच. मी स्क्रीन रीडर वापरतो. इनबॉक्स मला दिसत नाही, ऐकू येतो. एकेक मेल खाली जाताना पाठवणाऱ्याचं नाव, मग 'रि', मग 'डावा चौकटी कंस', मग लिस्टचं तीन शब्दी भारदस्त नाव, मग 'उजवा चौकटी कंस', आणि त्यानंतर कुठे सब्जेक्ट. कंसांचा उच्चार सेटिंगमधून बंद करता येतो, तो मी केलाय. नाव कसं बंद करू? सकाळी चाळीस मेल असले तर तेच नाव चाळीस वेळा ऐकायचं. तुमची नजर टॅगवरून घसरून पुढे जाते. कानाला तसं घसरता येत नाही.

जुनी शाई

हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पण एक विचारते, टॅग एका अक्षराचा असता तर?

कानसेन

चालला असता. 'भा' ऐकलं, कळलं, पुढे. टॅग असायला माझी हरकत नाही, त्याच्या लांबीला आहे. बहुतेक लिस्टवर काय होतं, की लिस्ट सुरू करणाऱ्याला नावाचा अभिमान असतो आणि ते अख्खं नाव टॅगमध्ये जातं.

शून्यमंडल

फोनची रुंदी वगैरे किरकोळ. खरी गोम सहीत आहे, आणि धागाकर्त्यांनी तिचा उल्लेखही केला नाही याचं आश्चर्य वाटतं.

हल्ली मोठे मेल सर्व्हर जाणाऱ्या मेलवर डीकेआयएम नावाची डिजिटल सही करतात. पाठवणाऱ्याचा पत्ता, सहसा सब्जेक्ट, आणि मजकूर यांवर गणित करून ती बनते. वाटेत सब्जेक्टमध्ये एक कंस जरी घातला तरी घेणाऱ्याच्या सर्व्हरवर सही जुळत नाही. बरीच वर्षं त्याचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं (सही न जुळलेल्या मेलचं काय करावं हे घेणाऱ्याला सांगायची सोय) धोरण 'सही जुळली नाही तर नाकारा' असं केलं, पाठोपाठ एओएलने. मग काय, याहूवाल्याने लिस्टवर मेल टाकला की लिस्टने त्यात टॅग घालायचा, सही तुटायची आणि बाकीच्यांचे सर्व्हर तो मेल परत पाठवायचे. त्याहून मजा पुढे. लिस्टच्या सॉफ्टवेअरला वाटायचं की मेल परत येतोय म्हणजे ज्याच्याकडे तो पाठवला त्याचाच पत्ता बंद पडलाय. याहूशी काडीचा संबंध नसलेले सभासद असे लिस्टवरून आपोआप गळत होते. मी स्वतः दोनदा गळलोय, आणि दोन्ही वेळा अ‍ॅडमिनने मलाच विचारलं की तुमचा मेलबॉक्स भरलाय का.

त्यावर मेलमनसारख्या सॉफ्टवेअरने तोडगा काढला तो असा, की पाठवणाऱ्याचा पत्ताच बदलायचा. म्हणून आज बऱ्याच लिस्टवर मेल 'अमुक तमुक, लिस्टमार्फत' असा येतो आणि पत्ता लिस्टचा असतो. एकट्या त्या माणसाला उत्तर देऊ म्हटलं तरी दहादा तपासावं लागतं. २०१९ मध्ये एआरसी नावाची आणखी एक पद्धत आली (मूळ सही आपण तपासली होती अशी नोंद लिस्टच्या सर्व्हरने सोबत जोडायची), पण तिच्यात लिस्टच्या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा की नाही हे शेवटी घेणाऱ्याच्याच हाती. सब्जेक्टला हात लावला नाही आणि मजकुरालाही हात लावला नाही, तर मूळ सही शाबूत राहते आणि यातलं काहीच करावं लागत नाही.

कंसातला

'मजकुरालाही हात लावला नाही तर' हे तुम्ही हळूच शेवटी टाकलंत. ध्रुवतारा, तुमच्या लिस्टच्या प्रत्येक मेलखाली 'लिस्टमधून बाहेर पडण्यासाठी इथे जा' अशी पुरवणी अजून जोडली जाते की नाही? आणि पाठवणाऱ्याचा पत्ता अजून बदलला जातो की नाही? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर सही तशीही तुटतेय, पत्ता तसाही बदलतोय. मग एकट्या टॅगनेच काय घोडं मारलंय?

आणि टॅग म्हणजे मागासलेपणा असं जे एकंदर चित्र उभं राहतंय, त्याबद्दल. इंटरनेटचे नियम जिथे लिहिले जातात त्या आयईटीएफच्या लिस्टवर टॅग असतात. डीमार्कवर खल करणाऱ्या त्यांच्याच लिस्टवर [डीमार्क-आयईटीएफ] असा टॅग लागत आलाय. ज्यांनी हा घोळ निस्तरायचा तेच कंस लावतात, आणि आपण इथे शुद्धीकरणाच्या गोष्टी करतोय.

शून्यमंडल

मान्य, एकटा टॅग काढून सही वाचत नाही. आयईटीएफचा टोलाही झकास. पण मग लायनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणाऱ्यांची लिस्ट बघा. तिथे लिस्ट स्वतःहून सब्जेक्टमध्ये काही घालत नाही. [पॅच व्ही२ ३/७] असे कंस तिथे दिसतात, पण ते पाठवणाऱ्याकडून येतात, गिट हे प्रोग्रॅमर लोकांचं साधन ते घालून देतं. पॅच म्हणजे कोडमधला बदल, त्याची दुसरी आवृत्ती, सातातला तिसरा तुकडा: त्यातलं प्रत्येक चिन्ह काहीतरी सांगतं. लिस्टचा टॅग मला काय सांगतो? मी कुठल्या लिस्टवर आहे ते. ते मला ठाऊक आहे, मीच नाव नोंदवलंय.

आणखी एक. सर्व्हरने मेल सब्जेक्टप्रमाणे कसे लावावेत हे सांगणारी २००८ ची आरएफसी ५२५६ आहे. तिच्यात सुरुवातीचे 'रि:' आणि चौकटी कंस गाळून मग तुलना करायला सांगितलंय. यंत्राच्या लेखी तुमचा टॅग फोलपट आहे.

कंसातला

मी तेच उलटं वाचतो. लोक कंस लावणारच, हे त्यांनी गृहीत धरलं आणि त्याची सोय करून ठेवली. आणि 'मीच नाव नोंदवलंय' हे एका लिस्टपुरतं ठीक. मी अकरा लिस्टवर आहे. त्यातल्या तीन लिस्टवर तीच माणसं तेच वाद घालतात. 'मीटिंग पुढे ढकलली' असा मेल आला की कुठली मीटिंग?

खिडकीपाशी

जरा अवांतर, पण देवनागरी टॅगबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. मेलचे हेडर मुळात रोमन अक्षरांपुरते बनलेले. देवनागरी घालायची तर १९९६ च्या आरएफसी २०४७ प्रमाणे ती गुंडाळून पाठवावी लागते. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) तीन बाइटचं, आणि बेस६४ मध्ये (तेच बाइट साध्या रोमन अक्षरांत लिहायची रीत) तीन बाइटची चार अक्षरं होतात. आता [आकाशनिरीक्षण] मोजा: काना, वेलांट्या, क्षमधला हलन्त धरून बारा चिन्हं, म्हणजे ३६ बाइट. दोन कंस आणि एक मोकळी जागा मिळून ३९. त्याची झाली ५२ अक्षरं. वर 'हे यूटीएफ-८ आहे' असं सांगणारं वेष्टन १२ अक्षरांचं. एकूण ६४. आणि अशा एका गुंडाळीची कमाल मर्यादा ७५. म्हणजे पहिली गुंडाळी जवळजवळ टॅगनेच भरली, लिहिणाऱ्याचे शब्द पुढच्या गुंडाळीत. अक्षर मध्येच तोडू नये असा नियम आहे, पण तो न पाळणारं सॉफ्टवेअर मी पाहिलंय. 'शनीची' मधल्या 'नी'च्या जागी दोन प्रश्नचिन्हं येतात.

त्यामुळे लावायचाच तर छोटा लावा. कानसेनांचंही तेच म्हणणं आहे.

जुनी शाई

मला एक साधी गोष्ट कळत नाही. ज्याला हवा त्याला टॅग, ज्याला नको त्याला नाही, असं का करता येत नाही?

शून्यमंडल

करता येतं. लिस्टसर्व या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सभासद स्वतः एक आज्ञा पाठवून आपल्यापुरता टॅग चालू करू शकतो. अडचण पुढची आहे. तुम्ही टॅग मागवलात आणि उत्तर दिलंत, की तुमच्या 'रि:' बरोबर तो टॅगही लिस्टकडे परत येतो. लिस्टने तो आठवणीने काढून टाकला नाही तर नको असलेल्यांकडेही जातो. मग एकाच चर्चेत अर्धे मेल टॅगसकट, अर्धे टॅगशिवाय. त्यापेक्षा एक काहीतरी बरं.

ध्रुवतारा

सगळ्यांचे आभार. कंसातला यांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, पुरवणी अजून जोडली जाते, आणि पत्ताही बदलला जातो. टॅग काढताना त्या दोन सेटिंगकडे मी बघितलंच नव्हतं. म्हणजे सभासदांचा रोष पत्करला आणि सहीच्या बाबतीत हाती काही लागलं नाही.

टॅग मी परत आणत नाहीये. कानसेनांनी लिहिलेलं वाचल्यावर तर नाहीच, निदान लांब नावाचा नाही. आज पुरवणीही काढतोय. मेल शाबूत जाताहेत असं दिसलं की पत्ता बदलणं बंद, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता पुन्हा त्याचा स्वतःचा दिसेल. लिस्टवर विनंती करणार आहे की ज्याला कंस हवा त्याने तो स्वतः लिहावा, [निरीक्षण], [जुनी दुर्बीण], [प्रश्न] असा. 'येताय का?' एवढाच सब्जेक्ट टाकणाऱ्यांना मी वैयक्तिक मेल करीन. दोन महिन्यांनी पुन्हा विचारतो, आणि या वेळी आधी विचारतो.

कंसातला

दोन महिन्यांत कोणीही कंस लिहिणार नाही. मग तुम्ही [आ] असं एक अक्षर लावाल, आणि आपण सगळे जिथून निघालो तिथे पोचू. लिहून ठेवा.

जुनी शाई

पुरवणी काढताय? मग लिस्टमधून बाहेर पडायचा दुवा तिच्यातच होता ना? आता मी रागावले तर जाऊ कुठून?

ध्रुवतारा

त्यालाही हेडर आहे. लिस्ट-अनसबस्क्राइब, १९९८ पासून. त्याच्यामुळे बऱ्याच मेल प्रोग्रॅममध्ये पाठवणाऱ्याच्या नावाजवळ किंवा मेनूमध्ये अनसबस्क्राइब असं बटण दिसतं. बघा सापडतंय का.

जुनी शाई

सापडलं. दाबलेलं नाही, अजून.