मोरपीस की मोरपंख?

प्रश्न : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी पक्ष्यांवरील मजकूर तयार करीत आहोत. त्यात 'मोरपंख' लिहावे की 'मोरपीस', यावर आम्हा शिक्षकांत एकमत होत नाही. पंख, पीस, पर आणि पिसारा या शब्दांच्या अर्थांत नेमका कोणता भेद आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : मराठीत 'मोरपीस' लिहावे. पंख हा हाडे, स्नायू आणि कातडी असलेला अवयव आहे. पीस त्या कातडीतून उगवते, जुने झाले की गळते आणि त्याच्या जागी नवे येते. सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठी पाणकावळा उन्हात पंख पसरून बसतो तो भिजलेली पिसे वाळवण्यासाठी, आणि या वाक्यात दोन्ही शब्दांची अदलाबदल करता येत नाही. उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्याचे 'अग्निपंख' हे नावही याच अर्थाने चपखल आहे, कारण पंख उघडल्यावरच त्यावरचा लालभडक भाग पूर्ण दिसतो.

हिंदीत 'पंख' हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, त्यामुळे तिथे 'मोरपंख' योग्यच आहे. मात्र तो शब्द तसाच उचलल्याने मराठीतला एक उपयुक्त भेद पुसला जातो. आपल्या सोलापुरात तर हा भेद घराघरांतून ऐकू येतो. कन्नडमध्ये पंखाला 'रेक्के' आणि पिसाला 'गरी' म्हणतात, तर तेलुगूत अनुक्रमे 'रेक्का' आणि 'ईका'. मोराच्या पिसाऱ्याला तेलुगूत 'पिंछम्' असेही म्हणतात. हा शब्द आणि आपले 'पीस' ही दोन्ही संस्कृत 'पिच्छ' शब्दाचीच रूपे आहेत. 'पर' फारसीतून आला. 'पराचा कावळा करणे' या वाक्प्रचारात पर म्हणजे एखादे सुटे पीस, हे लक्षात घेतले तरच त्यातील अतिशयोक्ती कळते.

पिसाची रचना मुलांना दाखवायची असेल तर कावळ्याच्या पंखातून गळलेले एक लांब पीस पुरेसे आहे. त्याच्या मधल्या दांड्याचे खालचे टोक पोकळ नळीसारखे असते आणि तेवढाच भाग कातडीत रुतलेला असतो. दांड्याच्या एका बाजूचे पाते अरुंद तर दुसऱ्या बाजूचे रुंद असते. उडताना अरुंद बाजू पुढे राहून वारा कापते. पाते अखंड कापडासारखे दिसते खरे, पण त्यात ताणा-बाणा नसतो. दांड्यापासून तिरके तंतू निघतात, प्रत्येक तंतूला दोन्ही बाजूंनी बारीक उपतंतू असतात आणि एका बाजूच्या उपतंतूंवरचे सूक्ष्म आकडे शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात. बोटाने पाते मध्येच फाडावे आणि मग बुडाकडून टोकाकडे चिमटीतून ओढावे. आकडे पुन्हा अडकतात आणि फट मिटते. पक्षी चोचीने पिसे साफ करताना हेच काम दिवसभर करीत असतो. रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या पिसांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही रचना अभ्यासकांना ठाऊक आहे.

उपप्रश्न : पिसांच्या प्रकारांना मराठीत कोणते शब्द वापरावेत? आणि पिसारा म्हणजे मोराची शेपटी समजावी का?

उत्तर : शालेय मजकुरात जड पारिभाषिक शब्दांपेक्षा साधे वर्णन बरे, असे माझे मत आहे. पंखांतील 'उडण्याची पिसे', 'शेपटीची पिसे', अंगाला आकार देणारी 'वरची पिसे' आणि त्यांच्याखालची 'मऊ पिसे' किंवा 'लव' असे लिहिल्यास कोणालाही समजते. लवेच्या उपतंतूंना आकडे नसतात, त्यामुळे ती भुसभुशीत राहते, हवा धरून ठेवते आणि पक्ष्याला ऊब देते. ज्या माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य ओळखले जाते, त्याच्या कुळातील पक्ष्यांच्या लवेत एक गुलाबी रंगद्रव्य असते आणि ते सूर्यप्रकाशात लवकर विरते. याशिवाय केसांसारखी बारीक पिसे असतात. कोंबडीची पिसे उपटल्यावर जे 'केस' जाळावर धरून काढावे लागतात, ते केस नसून हीच पिसे होत. शेजारची मोठी पिसे कशी हलत आहेत, याची जाणीव पक्ष्याला त्यांच्यामुळे होते.

पिसारा मात्र शेपटी नव्हे. मोराची खरी शेपटी 20 आखूड, ताठ, तपकिरी पिसांची असते. डोळ्यांची नक्षी असलेली लांब पिसे शेपटीच्या बुडावरील आच्छादनाची असून, मोर पिसारा उभारतो तेव्हा ही आखूड शेपटी त्याला मागून आधार देते. त्या पिसांतील निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. उपतंतूंमधील अतिसूक्ष्म कांड्यांच्या मांडणीवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो. पावसाळा सरत आला की पिसारा झडतो, म्हणून 'मोराची शेपटी झडली' असे भित्तिपत्रकात लिहू नये. 'मोराचा पिसारा झडला' किंवा 'मोराने पिसे टाकली' असे लिहावे.