बाबांची देवीची गाणी पेनड्राइव्हमध्ये भरून विकतात. तक्रार करू का, आणि कुणावर?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न कायद्याचा आहे, पण आधी हकीकत सांगते, नाहीतर मी एवढी का अडकले आहे ते कळणार नाही.

माझे बाबा देवीची गाणी लिहितात, चाली लावतात, स्वतःच गातात. नोकरी सातपूर एमआयडीसीत टर्नरची. २००६ साली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना, कामगार पतपेढीचं कर्ज काढून त्यांनी सप्तशृंगीच्या आठ गाण्यांची सीडी काढली. साथीला आमच्या पंचवटीतल्या भजनी मंडळातलेच लोक. नाशकातल्या एका छोट्या स्टुडिओत दोन रात्रींत सगळं उरकलं, कारण दिवसाचं भाडं परवडत नव्हतं. हजार प्रती काढल्या. चैत्रातल्या यात्रेला आणि नवरात्रात गडाच्या पायथ्याशी नांदुरीला चादर अंथरून आम्ही त्या तीस रुपयांना एक अशा विकायचो. मीसुद्धा बसलेय त्या चादरीवर. तिसऱ्या वर्षी विक्री बसली. शेजारच्याच गाडीवर शंभर गाण्यांची एमपीथ्री सीडी पन्नासला होती आणि त्या शंभरात आमची आठही होती. बाबा काही बोलले नाहीत. उरलेल्या साडेतीनशे सीड्या अजून माळ्यावर आहेत.

या चैत्रात आई-बाबांना गडावर घेऊन निघाले. दिंडोरी नाक्यावरून जीप केली. म्हसरूळ मागे पडलं आणि ड्रायव्हरने गाणी लावली. दुसरंच गाणं बाबांचं! तिसऱ्या कडव्यानंतर टाळ एक ठोका मागे पडतो, त्यावरून मी लगेच ओळखलं. तो माझ्या मामाचा टाळ. रात्रीचे अडीच वाजले होते, मामाचा डोळा लागला होता, आणि पुन्हा घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो ठोका तसाच राहिला. मामा २०१४ साली गेला.

बाबा पुढच्या सीटवर होते. त्यांनी वळून आईकडे बघितलं. गाडीच्या टेपच्या पडद्यावर गाण्याच्या नावाच्या जागी एका वेबसाइटचं नाव सरकत होतं, गायकाच्या जागीही तेच. गाणं सुरू व्हायच्या आधी एक बाई त्या साइटचं नाव घेते. आई ड्रायव्हरला म्हणाली, हे गाणं यांनी म्हटलंय. "असेल, आजी," तो म्हणाला आणि आवाज वाढवला.

गाणी एका मोबाइलच्या दुकानातून भरून घेतलेली. दोनशे देवीची गाणी, शंभर रुपये, पेनड्राइव्ह आपला. परतल्यावर मी त्या दुकानात गेले. काउंटरवर वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी कोण ते सांगितलं नाही, फक्त गाणी कुठून आणतोस विचारलं. एका मेसेजिंग अॅपवरच्या चॅनलवरून, म्हणाला. ते चॅनल मी उघडून बघितलं. हजारो गाणी, मधेमधे जुगाराच्या अॅपच्या जाहिराती. बाबांचं नाव कुठेही नाही.

ड्रायव्हरवर माझा राग नाही. घाटात गाडी चालवताना तो देवीचं गाणं ऐकतो, यात त्याचा काय गुन्हा? दुकानातल्या पोरावर थोडा आहे. खरा राग आहे तो बाबांचं नाव पुसून तिथे स्वतःचं घालणाऱ्यावर आणि वर जाहिरातींचे पैसे खाणाऱ्यावर. पण पोलिसात गेले तर हाताला लागणार दुकानातला पोरगाच, असं वाटतं. जाणकारांनी सांगावं: तक्रार केली तर पुढे काय होतं? आणि बाबांचं नाव परत लावून मिळेल, असा काही मार्ग कायद्यात आहे का?

सिडकोकर

ताई, विचार कसला करताय? सरळ ठाण्यात जा. मोटरसायकल चोरणारा गरीब आहे की श्रीमंत, हे बघतो का आपण? माझा धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, स्वतःची दोन गाणी केली त्याने. घातलेले पैसे आजपर्यंत निघालेले नाहीत. एकाला आत टाकलं की एम. जी. रोडवरचे बाकीचे आपोआप सरळ येतील. पोरगा वीस वर्षांचा असो नाहीतर साठ, शंभर रुपये घेताना त्याला कळत होतंच की.

काळा कोट

ताई, ठाण्याची पायरी चढण्याआधी हे वाचा.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३. किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. कमाईसाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण हा दुकानदार पैसे घेतो, तेव्हा ती सवलत त्याला मिळणं अवघड. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) असल्याचा निर्वाळा दिला. कलम ६४ खाली उपनिरीक्षक वॉरंटशिवाय माल जप्त करू शकतो. म्हणजे एकदा गुन्हा दाखल झाला की गाडी तुमच्या हातात राहत नाही. उद्या पोराची आई तुमच्या दारात येऊन रडली आणि तुम्हाला पाझर फुटला, तरी नुसती सही करून ते मिटत नाही. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जावं लागतं.

दुसरा रस्ता दिवाणी. कलम ५५ खाली मनाई हुकूम, नुकसानभरपाई, कमाईचा हिशेब, हे सगळं मागता येतं. आणि कलम ६२ मुळे प्रतिवादी दुसऱ्या गावचा असला तरी बाबा राहतात तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. हक्काची नोंदणी केलेली नसली तरी चालतं. मात्र ध्वनिमुद्रणाचा खर्च बाबांनी केला याचा कागद लागेल. स्टुडिओची पावती शोधा.

आता नावाचं. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे आणि लोक नेमका तोच विसरतात. कवी आणि संगीतकार म्हणून कलम ५७, गायक म्हणून २०१२ च्या दुरुस्तीत आलेलं कलम ३८ब. आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, हा त्यांचा हक्क आहे. गाण्याचे बाकीचे हक्क विकून टाकले असते तरी हा उरला असता.

चॅनलसाठी अॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. दुवा, गाण्याचं नाव, हक्काचा पुरावा, सगळं जोडून. नियमाप्रमाणे ३६ तासांत त्यांनी ते बंद करायचं असतं, पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. चॅनलमागचा माणूस सापडत नाही असं समजू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कोचिंग क्लासच्या शिक्षिकेच्या दाव्यात टेलिग्रामला चॅनलवाल्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते द्यायला लावले होते.

जुना दुकानदार

हा धागा वाचून दोन दिवस लिहू की नको चाललं होतं. ताई, मी त्या पोराच्या जागी होतो. २०१० ते २०१६ गाणी भरून देत होतो, चार जीबीचं कार्ड चाळीस रुपये. सकाळी दुकान उघडायच्या आत चार-पाच जण उभे असायचे, रिक्षावाले, द्राक्षाच्या बागेत कामाला जाणाऱ्या पिकअपचे ड्रायव्हर. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि सहा महिन्यांत गिऱ्हाईक आटलं. आता येतात ते फक्त गाडीत पेनड्राइव्ह लावणारे.

एकदा धाड पडली होती. माझा कॉम्प्युटर गेला, त्यात गिऱ्हाइकांचे फोटो, माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो, सगळं गेलं. गाणी मात्र दुसऱ्या दिवशी भावाच्या लॅपटॉपवर पुन्हा उतरवली, एका रात्रीत. धाडीने हे थांबत नाही, एवढं मी अनुभवाने सांगतो. माझ्याकडे बघायला सगळे आले, ज्या साइटवरून मी उतरवायचो तिच्याकडे कुणी गेलं नाही. ती साइट पुढे तीन वर्षं चालू होती.

मी चूक केली. गाणं कुणाचं, हा विचार एकदाही डोक्यात आला नाही, कारण फाइलवर माणसाचं नावच नसायचं. सिडकोकर, तुमच्या भावाचं गाणं मीही भरून दिलं असेल. त्याची माफी मागतो.

मखमलाबादकर

मूळ गाव हँडलमध्येच आहे, सध्या अमेरिकेत, मिनेसोटात. साध्या ऐकणाऱ्या माणसाला धरलं की काय होतं ते इथे घडून गेलंय. इथल्याच एका बाईवर २४ गाणी इंटरनेटवर इतरांना वाटल्याबद्दल कंपन्यांनी खटला भरला. २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलर भरायला सांगितले, २००९ मध्ये फेरसुनावणीत १९ लाख २० हजार, आणि २०१२ मध्ये वरच्या कोर्टाने परत २,२२,००० वर आणलं. चोवीस गाणी! तोवर कंपन्यांनीच, २००८ च्या अखेरीस, असे सरसकट खटले भरणं सोडलं होतं. फ्रान्सने २००९ मध्ये बेकायदा गाणी उतरवताना तिसऱ्यांदा सापडलेल्याचं इंटरनेट तोडायचा कायदा केला, २०१३ मध्ये ती तोडण्याची शिक्षा काढून टाकली. ड्रायव्हरला सोडून द्यायचं तुमचं म्हणणं मला पटतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. जुने दुकानदार, तुमचं लिहिणं मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

काल बाबांना घेऊन दुकानात गेले. या वेळी कोण ते सांगितलं, सीडीचं कव्हर काउंटरवर ठेवलं. पोरगा पांढरा पडला. "काका, आत्ता काढून टाकतो." बाबा म्हणाले, "काढू नकोस. नाव लाव." मग तासभर स्टुलावर बसून त्यांनी एकेक गाणं सांगितलं, गीत, संगीत, गायक, साल. त्याला मराठी टाइप करायची सवय नाही, बाबांच्या आडनावातली वेलांटी तीनदा चुकली, तीनदा बाबांनी दुरुस्त करायला लावली. सुरुवातीची ती बाई त्याने कापून टाकली. आठवं गाणं त्याच्याकडे नव्हतं, तर बाबांनी सीडी काढून दिली. ते मला अजिबात पटलं नाही आणि घरी आल्यावर मी तसं सांगितलं. आमचं यावर जेवणापर्यंत चाललं होतं. पोराने पाचशे रुपये पुढे केले, बाबांनी घेतले. ते मात्र बरं केलं.

सिडकोकर, तुमचा राग मला समजतो, पण त्या पोराला सहा महिने आत घालून बाबांच्या हाती काय पडलं असतं, ते मला सांगता येत नाही. चॅनलवाल्याला मी सोडणार नाही. पोरानेच सगळे दुवे आणि स्क्रीनशॉट काढून दिले, अगदी जाहिरातींसकट. जाहिरातींतून जे मिळवलं त्याचा हिशेब आणि प्रत्येक गाण्यावर नाव, या दोन गोष्टी मागायच्या आहेत. स्टुडिओची पावती पतपेढीच्या पासबुकात घडी घालून ठेवलेली सापडली, बाबांच्या नावाची, तारखेसकट.

काळा कोट, एकच विचारायचं राहिलं. नोटिशीत कलाकारांची नावं लिहिताना मामाचं नाव टाळकरी म्हणून घालता येईल का? तो आता नाही, पण मामी आहे, मखमलाबाद रोडला राहते. तिची सही लागत असेल तर रविवारी जाऊन घेऊन येते.