मदत हवी आहे: जुनी गाडी देऊन नवीन मॉडेल घ्यावं का? पैसे वसूल होतील का? लवकर सांगा

गोदाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. 160 सीसी मोटारसायकलचं नवीन मॉडेल बघून आलो, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारं), एलईडी लाईट, डिजिटल मीटर, पुढचे शॉकअप पण उलटे. ऑन रोड दीड लाखाच्या जवळ सांगितली आणि माझ्या गाडीचे 22 हजार देतो म्हणायलेत. सप्टेंबर 2025 ला जीएसटी 28 चा 18 झाला तेव्हापासून डोक्यात चाललंय पण हात आखडता घेत होतो. आता शोरूमवाला ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणून सकाळ संध्याकाळ फोन करायलाय. एवढे पैसे घालून खरंच फरक पडतो का? ज्यांनी जुनी देऊन नवी घेतली त्यांनीच सांगा, रविवारच्या आत ठरवायचंय.

सेलूकर
जुनी कोणती, किती सालची, किती चालली, रोजचं रनिंग किती, लोन का कॅश? यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही. कशावर सांगायचं?

लातूरचा_रायडर
घेऊन टाका भाऊ, विचार करत बसू नका. मी दिवाळीत घेतली, जुन्या गाडीवर परत बसू वाटत नाही. पिकअप, ब्रेक, लुक सगळंच वेगळं आहे.

वाळूजवाला
दीड लाख घालायलेच तर थोडे अजून घालून बुलेट घ्या ना. रिसेल व्हॅल्यू बघा एकदा.

सेलूकर
बुलेटवर आता 40 टक्के जीएसटी झालाय की.

वाळूजवाला
नाही हो. 40 टक्के 350 सीसीच्या वरच्याला. क्लासिक, हंटर 349 सीसीच्या आहेत, त्यांना 18 च लागतो. नीट वाचून लिहीत जा.

गोदाकाठ
बुलेट नकोय मला. जुनी पण 150 सीसी आहे, 2016 ची, कार्बोरेटरवाली. कंपनी मुद्दाम लिहिली नाही, लिहिली की लोक कंपनीवरूनच भांडत बसतात. 80 हजाराच्या पुढं चालली. रोज गंगाखेड ते परभणी जाऊन येऊन. आधी गावातल्या गावातच होती, बदली झाल्यापासून हे सुरू झालं. थोडा धूर मारायली, टायमिंग चैन वाजते. लोनच करावं लागेल, लाखभर. आता तरी सांगा.

मिस्त्री_जिंतूर
माझं गॅरेज हाय म्हणून सांगतो. धूर कोणत्या रंगाचा आन कधी निघतो ते सांगा आधी. सकाळी पहिल्यांदा चालू केली की निळा धूर निघून दोन मिनिटात बंद होतो का? मंग व्हॉल्व्हचे सील गेले असतील, ते काम छोटं हाय. चालू रस्त्यात रेस दिली की मागं निळाच निळा दिसायला का? तर रिंगा नाहीतर बोअर गेला समजा, बोअर पिस्टन टाकावं लागतंय. थंडीत पांढरी वाफ निघते तिला भिऊ नका, पाणी असतंय ते. हेड उघडायच्या आधी कंप्रेशन चेक करून घ्या, लई जण धूर दिसला की हाफ इंजिन, म्हणजे वरचं अर्धं इंजिन खोलायचं काम, सांगून मोकळे होतात. बोअर पिस्टन, टायमिंग चैन, क्लच प्लेटा, हँडलचा कोनसेट सगळं धरलं तरी आमच्याकडं 10-12 हजाराच्या आत गाडी उभी राहती.

लातूरचा_रायडर
12 हजार घालून परत जुनीच ना. आज इंजिन, उद्या वायरिंग. शिवाय ई20 पेट्रोल, 20 टक्के इथेनॉलवालं. कार्बोरेटरची गाडी त्याला बनलेलीच नाही.

मिस्त्री_जिंतूर
बनलेली नाही हे खरं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे पाईप, सील त्या पेट्रोलला टिकतील असे असतेत. जुन्यात रबर फुगतं, गाडी महिनाभर उभी ऱ्हायली की कार्बोरेटरमध्ये गंज धरतो. पण यांची गाडी रोज पळती, तिला तेवढा त्रास नाही. वर्षातून एकदा पेट्रोल पाईप बदला, कार्बोरेटर साफ करा, चालती आरामात.

वाळूजवाला
आणि अ‍ॅव्हरेज पडतं त्याचं काय? आमच्या कॉलनीत सगळे म्हणतात 10 किलोमीटरनं कमी झालं.

सेलूकर
10 नाही हो. नीती आयोगाच्या अहवालात दुचाकीला 3-4 टक्के लिहिलंय. 40 देणारी गाडी दीड किलोमीटरनं पडेल. 10 नं पडत असेल तर चैन, हवा, कार्बोरेटर, हे बघा.

वाळूजवाला
अहवाल लिहिणारे रस्त्यावर गाडी चालवत नाहीत. मी चालवतो.

सेलूकर
मीही चालवतोच. राहू द्या, मूळ प्रश्नावर येऊ. गोदाकाठ भाऊ, हिशोब करून देतो. रोजचे 90 किलोमीटर धरले, महिन्याला 25 दिवस, तर 2250. जुनी 40 देते धरा, नवी 45 देईल धरा. 56 लिटरचे 50 होतात. पेट्रोल 106 धरलं तरी महिन्याला साडेसहाशे वाचतात. लाखाचं लोन 3 वर्षांसाठी, शोरूमवाला 9 टक्के फ्लॅट म्हणेल, म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज, हप्ता 3528. तो फ्लॅट 9 म्हणजे शिल्लक मुद्दलावर मोजला तर 16 टक्क्याच्या वर जातो, हे कुणी सांगत नाही. तेव्हा अ‍ॅव्हरेजसाठी घेणार असाल तर अजिबात घेऊ नका, कधीच वसूल होत नाही. आणि लोन घ्यायचंच तर आपल्या बँकेत नाहीतर पतसंस्थेत शिल्लक मुद्दलावरचा दर विचारून या.

पूर्णाकाठचा
परभणीला पेट्रोल एवढं महाग का असतं पण? नांदेडला पण तसंच. पुण्यापेक्षा कायम वर.

सेलूकर
मनमाडच्या डेपोतून टँकर येतात, एवढ्या लांबचं भाडं आपल्या लिटरमध्ये चढतं. वर्षानुवर्षं तेच चाललंय, कुणाला काही पडलेली नाही.

बार्शीनाका
म्हणूनच सांगतो सीएनजीची मोटारसायकल घ्या. फ्रीडम 125. जुलै 2024 ला आली, जगातली पहिली. 2 किलो गॅस, 2 लिटर पेट्रोल, कंपनी दोन्ही मिळून 330 किलोमीटर म्हणते. 90 किलोमीटरच्या माणसाला हीच गाडी. 160 घेऊन काय रेस लावायची आहे का?

गोदाकाठ
दादा, गॅस भरायला रांगेत कोण थांबणार? रिक्षावाले अर्धा अर्धा तास उभे असतात. मला आठच्या ठोक्याला पोचायचं असतं.

नागनाथ_रोड
गंगाखेड परभणी रेल्वे आहे की. पास काढा, गाडीची झंझटच नको. मी परळीहून कित्येक वर्षं पासवरच केलं.

गोदाकाठ
माझ्या टायमाला जुळत नाही, येताना रात्र होते. म्हणून तर गाडी.

अंबाजोगाईची_ताई
रात्र होते हे तुम्ही आत्ता सांगितलं, भाऊ. ते तर सगळ्यात आधी सांगायचं होतं! इथं सगळे अ‍ॅव्हरेज आणि हप्त्यावर बोलायलेत. ऊसतोड सुरू झाली की त्या रस्त्याला ट्रॉल्या असतात का नाही? आमच्याकडं एकामागं एक दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला. समोरून ट्रकचा अप्पर लाईट डोळ्यावर पडला की ती ट्रॉली दिसतच नाही, एकदम अंगावर आल्यावर कळतं. माझ्या दिराचा पाय तसाच गेला, रॉड आहे अजून. ब्रेक लावला तर मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी झाली आणि तो घसरत ट्रॉलीखाली. तुमच्या 2016 च्या गाडीला एबीएस नसणार. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. तुम्ही पैसे ब्रेक आणि लाईटसाठी मोजणार आहात, असं धरून विचार करा.

मिस्त्री_जिंतूर
ताई बरोबर बोलल्या. पण एबीएस म्हणजे जादू नाही. खडीवर, मातीवर एबीएसची गाडी उलट जरा लांब जाऊन थांबती.

लातूरचा_रायडर
लांब थांबेल पण सरळ थांबेल ना. चाक लॉक होत नाही, हँडल हातात राहतं, बाजूनं काढता येते. सिंगल चॅनलमध्ये फक्त पुढचं चाक सांभाळलं जातं, ड्युअलला दोन्ही. ओल्या रस्त्यावर मी स्वतः अनुभवलंय, लिव्हर बोटाखाली थरथरतं आणि गाडी आपली सरळ. पैसे द्यायचे तर ड्युअलचेच द्या, तिथं काटकसर करू नका.

मिस्त्री_जिंतूर
मान्य. मंग जुनीच ठेवायची असंल तर एवढं करा, मागचं टायर गुळगुळीत झालं असंल तर आजच बदला, ब्रेक लायनर, डिस्क पॅड नवे टाका, हेडलाईटची काच पिवळी पडली असती ती बदला. पाच एक हजारात रात्रीची गाडी निम्मी सुधरती.

अंबाजोगाईची_ताई
आणि मागं कोण बसतं? वहिनी बसत असतील तर त्यांना शोरूमला घेऊन जा. नवीन गाड्यांची मागची सीट उंच आणि तुटक असते, साडी नेसून बसणारीला धरायलाच काही नसतं. साडीगार्ड आणि पायदान बसवून दाखवा म्हणावं, नुसतं कागदावर फिटिंगचे पैसे लावतात.

नागनाथ_रोड
हेल्मेट चांगलं घ्या, आयएसआय मार्कवालं. चौकातलं 300 चं नको.

बार्शीनाका
सीएनजीचं पुन्हा एकदा बघा असं माझं म्हणणं आहे.

सेलूकर
अजून दोन गोष्टी. नव्या गाडीच्या किमतीत 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा धरलेला असतो, तो सक्तीचाच आहे. बाकी अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, कसलं कसलं कार्ड, ते सक्तीचं नसतं, कोटेशनमधून काढायला लावा. वॉरंटी किलोमीटरवर पण असते. 75 हजाराची असेल तर तुमच्या 27 हजार वर्षाच्या रनिंगला 3 वर्षात संपते, बरोबर हप्ते फिटतात तेव्हाच.

दुसरी जास्त महत्त्वाची. जुनी एक्सचेंजला दिली तर 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही करून सोडून येऊ नका. आरसी खरंच दुसऱ्याच्या नावावर झाली का ते बघा. माझ्या चुलत भावानं गाडी दिली, ती तिसऱ्यानंच चालवली आणि चलनं याच्या मोबाईलवर येत राहिली. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवली नसेल तर ती पण बसवून घ्या, एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना लागते, दुचाकीला 531 रुपये, त्याशिवाय ट्रान्सफर अडतं. आणि 22 हजार कमी आहेत. आरसी 2031 पर्यंत चालते, बाहेर जास्त येतील.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. आज मिस्त्रीला दाखवली. धूर फक्त सकाळचाच आहे, कंप्रेशन चांगलं निघालं, म्हणजे सील. ते आणि टायमिंग चैन टाकायला सांगितली, मागचं टायर पण. ताई, तुमचं वाचल्यापासून काल येताना प्रत्येक ट्रॉलीच्या मागं स्पीड कमी केली, दैठण्याच्या पुढं एक तर बिनलाईटची अर्ध्या रस्त्यावर उभीच होती, खाली दगड लावून. बायकोला रात्री हे सांगितलं तर ती म्हणाली नवीन घ्या, पण मला बसून बघू द्या.

तर रविवारचं बुकिंग करत नाही. शोरूमला तसं सांगितलं तर पोरगा म्हणाला पुढच्या महिन्यात पण बघू सर काहीतरी, म्हणजे घाई त्यांनाच होती. पतसंस्थेतून दर काढतो, बायकोला सीटवर बसवतो आणि टेस्ट राईड अंधार पडल्यावर मागतो, लाईट दिवसा बघून काय कळणार. ड्युअल चॅनलचीच घेणार हे ठरलं, पाडव्यापर्यंत. तोवर जुनी दुरुस्त करून वापरतो. मिस्त्री भाऊ, सील टाकल्यावर ऑईल कोणतं टाकू, 20डब्ल्यू50 का 10डब्ल्यू30?

मिस्त्री_जिंतूर
मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. जाडं टाकलं की धूर थांबतो म्हणून कुणी सांगंल, ऐकू नका. पयले हजार किलोमीटर लेव्हल बघत ऱ्हा.

पूर्णाकाठचा
पाडव्याला जुनी विकणार असाल तर फोटो टाका. मामाला आखाड्यावर जायला पाहिजे, सील टाकून मिळाली तर बरंच. किती म्हणता?