माणगावपर्यंत काय ऐकायचं?

सावंत वहिनी, ए-१०२: उद्या पहाटे ४ ला रत्नागिरीला निघतोय, गणपतीला. गाडीत सासूबाई, आम्ही दोघं आणि चिरंजीव. सगळ्यांना चालतील असे अल्बम सुचवा. सुटी गाणी नकोत, दर तीन मिनिटांनी फोनवरून भांडणं होतात.

ओंकार, सी-५०१: वहिनी, संजू राठोड लावा. ‘गुलाबी साडी’पासून सुरू करा 🔥

पाध्ये काका, बी-३०४: अरे, त्यांनी अल्बम विचारलाय. ते एक गाणं आहे.

ओंकार, सी-५०१: काका, आता अल्बम कोण काढतं? जळगावचा मुलगा. लिहिलं त्यानेच, चाल त्याचीच, गायलाही तोच, म्युझिक जी-स्पार्कचं. मागे सिनेमा नाही, हिरो नाही. तरी २०२४ मध्ये जिथे तिथे तेच वाजत होतं.

पाध्ये काका, बी-३०४: ते कबूल. गाणं वाईट म्हणत नाही मी. पण त्यातलं जे काही आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं, पुढे तेच. ‘गारवा’ची कॅसेट आठवा. आधी सौमित्रची कविता, मग मिलिंद इंगळेचं गाणं. कविता पुढे ढकलली तर गाणं अर्धं वाटायचं. त्याला अल्बम म्हणतात.

देशमुख ताई, बी-२०१: काका, खरं सांगा, कविता आली की आमच्याकडे कॅसेट फॉरवर्ड व्हायची 😄

सेक्रेटरी: उद्या सकाळी ११ ते २ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

देशमुख ताई, बी-२०१: वहिनी, माझं मत ‘कट्यार काळजात घुसली’. २०१५ चा सिनेमा. राहुल देशपांडे, शंकर महादेवन, महेश काळे. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सासूबाईही खूश.

पाध्ये काका, बी-३०४: मूळ नाटक १९६७ चं. संगीत जितेंद्र अभिषेकीबुवांचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. सिनेमात त्यांच्याच नातवाने, राहुलने, खाँसाहेबांची गाणी गायली. मी नाकं मुरडतच गेलो होतो, शंकर-एहसान-लॉय काय करणार म्हणून. पण जुन्या पदांशेजारी त्यांची नवी गाणी उपरी वाटली नाहीत. कव्वाली मात्र मला जरा चकचकीत वाटते.

ओंकार, सी-५०१: मग ‘सैराट’? चारच गाणी आहेत, पण अल्बमच ना?

पाध्ये काका, बी-३०४: अल्बम. चारातलं एकही भरतीचं नाही.

ओंकार, सी-५०१: 😳 स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

देशमुख ताई, बी-२०१: ‘याड लागलं’च्या सुरुवातीचा तो वाद्यमेळ लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलाय. पण मला विचाराल तर गाणं तोलून धरलंय ते अजय गोगावलेच्या आवाजाने. व्हायोलिनं काढून टाका, तरी उभं राहील.

पाध्ये काका, बी-३०४: असहमत. व्हायोलिनं काढलीत तर सिनेमातल्या करमाळ्याकडच्या त्या पोराचं प्रेम त्याला स्वतःला केवढं वाटतंय ते कसं कळणार?

देशमुख ताई, बी-२०१: हं. हे पटलं.

पाध्ये काका, बी-३०४: आणि वहिनी, ‘शिवकल्याण राजा’ विसरू नका. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाचा. समर्थ रामदास, कवी भूषण, सावरकर, कुसुमाग्रज, सगळे एका तबकडीवर. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांच्या चाली, मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. पोलादपूरला पोचाल तेव्हा लावा, डावीकडे प्रतापगडाचे डोंगर असतात.

सावंत वहिनी, ए-१०२: सगळं डाउनलोड केलं. घाटात रेंज जाते.

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर सोसायटीविषयीच बोलावे. (वहिनी, ‘आयुष्यावर बोलू काही’ पण घ्या.)

*दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.४०*

सावंत वहिनी, ए-१०२: माणगावलाच अडकलोय. दीड तास. कट्यार संपली, गारवा संपला, सैराट दोनदा झालं. आता चिरंजीवांच्या हट्टाखातर गुलाबी साडी लावलीय. सासूबाईंना अख्खं पाठ आहे. कुठे ऐकलं विचारलं तर म्हणाल्या, भजनी मंडळाच्या सहलीत.

पाध्ये काका, बी-३०४: पोलादपूरचं लक्षात ठेवा.